इंग्लंडची जुनी देवळे आणि आमचे प्रवासी

विलायतेची वारी करून आलेला मराठी माणूस प्रवासवर्णन लिहिल्यावाचून राहिला, असे उदाहरण विरळा. त्याबद्दल आमची तक्रार नाही. प्रवासवर्णन हे आपल्या वाङ्मयाचे एक समृद्ध दालन आहे आणि त्यात चांगली भर पडत राहावी अशीच आमची इच्छा आहे. आमची तक्रार आहे ती या वर्णनांतून हटकून भेटणाऱ्या एका वाक्याविषयी. लंडनचे चार दिवस संपतात, शेक्सपिअरचे जन्मगाव एका दुपारी उरकते, आणि मग बस हिरव्या टेकड्यांमधून धावू लागली की खिडकीतून एखाद्या खेड्याच्या चर्चचा करडा दगडी मनोरा दिसतो. लेखक सद्गदित होतो आणि लिहितो: इंग्रज माणूस पूर्वजांचा ठेवा किती भक्तिभावाने जपतो! नाहीतर आपण!

या वाक्यावर आमचे तीन आक्षेप आहेत. ते इंग्रजांविषयी खोटे आहे. ते आपल्याविषयी निरुपयोगी आहे, कारण अशा उसाशाने आजवर एकाही पडक्या देवळाचा एकही चिरा सावरला गेलेला नाही. आणि तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा: हे वाक्य एकदा लिहून झाले की बसमधून खाली उतरण्याची गरजच उरत नाही. जे पाहायचे तेच न पाहता त्याची स्तुती करण्याची सोय या वाक्यात आहे.

प्रथम पाहण्यासारखे काय आहे ते सांगू. इंग्लंडच्या अधिकृत धर्मसंस्थेकडे सुमारे १६,००० चर्च आहेत आणि त्यांतील फार मोठा भाग मध्ययुगीन आहे. सरकारने पहिल्या प्रतीच्या म्हणून नोंदलेल्या त्या देशातील वास्तूंपैकी सुमारे ४५ टक्के वास्तू म्हणजे ही चर्च होत. एकट्या नॉर्फक परगण्यात सहाशेहून अधिक मध्ययुगीन चर्च आहेत. त्यांतील शंभराहून अधिक चर्चचे मनोरे गारगोटीच्या दगडांत बांधलेले आणि गोल आहेत. डरहॅम परगण्यातील एस्कम येथील चर्च सातव्या शतकातील असून त्याच्या भिंतींत जवळच्या रोमन ठाण्याचे दगड बसवलेले आहेत. ग्लॉस्टरशरमधील केम्पली येथे बाराव्या शतकातील भित्तिचित्रे आहेत. त्याच परगण्यात फेअरफर्ड येथे इ. स. १५०० नंतरच्या काही वर्षांत बसवलेल्या रंगीत काचांच्या अठ्ठावीस खिडक्यांचा संच जवळजवळ पूर्ण शाबूत आहे. आणि हे सारे राजधानीत नव्हे. शेताच्या बांधावर, दोन-चार घरांच्या शेजारी, पुष्कळदा ज्या गावासाठी ते बांधले ते गावही आता उरलेले नाही अशा ठिकाणी आहे.

आता भक्तिभावाची गोष्ट. ही चर्च आज जशी दिसतात, पांढऱ्या भिंतींची, निर्मळ, थोडी उदास, तशी ती मुळात नव्हती. मध्ययुगात त्यांच्या भिंती चित्रांनी भरलेल्या होत्या. सभामंडप आणि गाभारा यांच्यामध्ये रंगवलेला लाकडी पडदा असे व त्यावर क्रूसावरील ख्रिस्ताची मूर्ती असे. कोनाड्याकोनाड्यांत संतांच्या प्रतिमा आणि त्यांच्यापुढे तेवणारे दिवे असत. त्यांचे पुढे काय झाले? इ. स. १५४७ मध्ये सहावा एडवर्ड गादीवर आल्यानंतर राजाज्ञेने मूर्ती फोडल्या गेल्या, भिंतींवर चुन्याचे हात चढले, दगडी वेदी उखडल्या गेल्या आणि चर्चची चांदीची भांडी मोजून सरकारजमा झाली. शंभर वर्षांनी यादवी युद्धात जे उरले होते त्याची पाळी आली. विल्यम डाउझिंग नावाच्या गृहस्थाने १६४३ व १६४४ या वर्षांत सरकारी हुकूमनामा घेऊन केंब्रिजशर व सफक येथील अडीचशे चर्च पालथी घातली आणि कोठे किती चित्रे फोडली याची रोजनिशी ठेवली. ती रोजनिशी आजही उपलब्ध आहे. मूर्तिभंजन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे परकी फौज उभी राहते. येथे फोडणारे आणि ज्यांचे फोडले ते एकाच गावचे, एकाच धर्माचे, एकाच भाषेचे होते.

हे केवळ धर्मवेडाच्या काळात घडले असे म्हणावे तर एकोणिसाव्या शतकाकडे पाहावे. यॉर्कशरमधील पिकरिंग येथे १८५२ मध्ये चुन्याखाली दडलेली भित्तिचित्रे उघडी पडली. तेथील धर्मोपदेशकाला ती प्रवचनात व्यत्यय आणणारी वाटली आणि त्याने ती पुन्हा चुन्याने झाकून टाकली. पुढच्या पिढीतील दुसऱ्या एका धर्मोपदेशकाने ती पुन्हा उघडी केली म्हणून आज आपण ती पाहू शकतो. सफकमधील वेनहॅस्टन येथील कथा तर अधिकच बोलकी आहे. तेथे १८९२ मध्ये दुरुस्ती चालू असताना चुना फासलेल्या जुन्या फळ्या निरुपयोगी म्हणून काढून आवारात टाकल्या गेल्या. रात्री पाऊस पडला, चुना धुऊन गेला आणि सकाळी त्या फळ्यांवर अंतिम न्यायनिवाड्याचे मध्ययुगीन चित्र उमटलेले दिसले. पावसाने जे राखले ते माणसांनी फेकून दिले होते. याला भक्तिभाव म्हणायचे काय?

ज्याला आपण कौतुकाने जीर्णोद्धार म्हणतो त्याने केलेली हानी मूर्तिभंजकांच्या हानीपेक्षा कमी नव्हती. व्हिक्टोरियाच्या राजवटीत बहुसंख्य मध्ययुगीन चर्चचा जीर्णोद्धार झाला. जीर्णोद्धार करणारे सज्जन होते, श्रद्धाळू होते, त्यांच्याजवळ पैसा होता. आणि तेच खरे संकट होते. अमुक शतकाची शैली शुद्ध, बाकीची भ्रष्ट, असे ठरवून त्यांनी चार शतकांची भर काढून टाकली, जुना गिलावा खरवडला, झिजलेल्या कोरीव दगडांच्या जागी नवे गुळगुळीत दगड बसवले. इ. स. १८७७ मध्ये ट्यूक्सबरी येथील जुन्या मठमंदिरावर असाच प्रसंग येणार असे दिसताच विल्यम मॉरिस संतापून उठला आणि त्याने प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी मंडळ स्थापन केले. त्याचे म्हणणे साधे होते: दुरुस्ती करा, गळके छप्पर शाकारा, कलती भिंत सावरा, पण जे नाही ते होते असे सोंग आणू नका. टेम्स नदीच्या उगमाकडील भागात इंग्लशम येथील लहानसे चर्च त्याने व त्याच्या मंडळाने १८८० नंतरच्या दशकात याच रीतीने वाचवले. तेथे आजही एकावर एक चढलेले चित्रांचे थर, वाकडीतिकडी लाकडी बाके आणि खडबडीत भिंती पाहायला मिळतात. मॉरिसच्या मंडळाची तत्त्वे पुढे आपल्याकडेही आली. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख सर जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये सिद्ध केलेल्या नियमावलीवर त्यांची छाप स्पष्ट दिसते. हेमाडपंती देवळांच्या काळ्या दगडांवर तैलरंगाची पुटे आणि गाभाऱ्यात चकचकीत फरश्या चढवणाऱ्या आमच्या उत्साही विश्वस्तांनी इंग्रजांपासून काही घ्यायचेच असेल तर ते त्यांचे भक्तिभावाचे कौतुक नव्हे, त्यांच्यातल्या एका रागावलेल्या माणसाचे म्हणणे घ्यावे.

मग ही चर्च उभी कशी राहिली? सरकारने राखली, असा आमच्या प्रवाशांचा आणखी एक समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. मध्ययुगापासून अशी वहिवाट होती की गाभाऱ्याची दुरुस्ती धर्मोपदेशकाकडे आणि सभामंडपाची दुरुस्ती गावाकडे. गावाकडून त्यासाठी सक्तीची पट्टी घेतली जाई. ती सक्ती १८६८ च्या कायद्याने उठली. फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्यानंतर जुनी चर्च गावच्या नगरसंस्थांच्या मालकीची झाली व त्यांचा भार सार्वजनिक तिजोरीवर पडला. इंग्लंडमध्ये तसे झाले नाही. तेथे वापरात असलेल्या चर्चचा भार मुख्यतः त्या गावच्या धर्मसभेवर, म्हणजे रविवारी येणाऱ्या मूठभर माणसांवर आहे. दुरुस्तीवरील कराचा परतावा देणारी एक सरकारी योजना २००१ पासून होती; तिच्यावरही २०२५ मध्ये प्रत्येक वास्तूस वर्षाला २५,००० पौंडांची मर्यादा घातली गेली. मध्ययुगीन मनोऱ्याच्या पायाडाचा खर्च ज्याला ठाऊक आहे त्याला ही रक्कम किती पुरते हे सांगावयास नको. त्यात भर म्हणून छपरावरील शिशाचे पत्रे चोरीला जातात, आणि एका रात्रीत उघडे पडलेले छप्पर पुढच्या पावसाळी आठवड्यात शतकांचे लाकूड कुजवते.

जेथे धर्मसभाच उरली नाही तेथील काही चर्चसाठी दोन संस्था झटतात. निराधार चर्चच्या मित्रांचे मंडळ १९५७ मध्ये आयव्हर बल्मर-टॉमस यांनी स्थापिले. आणि १९६९ मध्ये निघालेला निधी, जो आज चर्च संरक्षण न्यास म्हणून ओळखला जातो, साडेतीनशेहून अधिक चर्च सांभाळतो. परंतु सोळा हजारांपुढे साडेतीनशे म्हणजे किती? बाकीच्या ठिकाणी काम चालते ते गावातील आठ-दहा वृद्ध स्त्री-पुरुषांच्या बळावर. कोणी पन्हाळी साफ करतो, कोणी फुले ठेवतो, कोणी चहा आणि केक विकून छपरासाठी पैसे जमवतो, कोणी सकाळी कुलूप काढतो व संध्याकाळी लावतो. नॉर्फकमधील हाउटन-ऑन-द-हिल येथील चर्चला छप्पर राहिले नव्हते, वेलींनी ते पुरते गिळले होते. १९९२ मध्ये ते नजरेस पडल्यावर एका निवृत्त गृहस्थाने स्वतःच्या हातांनी वेली तोडण्यास प्रारंभ केला. पुढे साह्य मिळाले, छप्पर चढले, आणि गिलाव्याखालून जी चित्रे निघाली ती इंग्लंडमधील सर्वांत जुन्या भित्तिचित्रांत गणली जातात. हे राष्ट्राच्या भक्तिभावाचे उदाहरण नव्हे. राष्ट्र तेथून अनेक वर्षे पाठ फिरवून जात होते.

म्हणून आम्ही म्हणतो की आमच्या लेखकांची स्तुती चुकीच्या पत्त्यावर जाते. ती 'इंग्रज माणूस' नावाच्या एका काल्पनिक व्यक्तीला पोचते. ज्या म्हातारीने आज सकाळी कुलूप काढले तिच्यापर्यंत ती पोचत नाही.

येथे दोन आक्षेप येतील हे आम्हांला ठाऊक आहे. पहिला आपल्याच बाजूने येईल. ज्यांनी आमच्यावर राज्य केले त्यांच्या धर्मस्थळांची आस्था आम्ही कशाला वाहावी? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु काळाचा हिशेब पाहावा. पहिले इंग्रज व्यापारी जहाज सुरतेस लागले ते १६०८ मध्ये. आम्ही ज्या चर्चविषयी बोलत आहोत ती त्यापूर्वी शंभर ते हजार वर्षे उभी होती. ती हिंदुस्थानच्या लुटीतून नव्हे, मेंढीच्या लोकरीतून उभी राहिली. सफकमधील लॅव्हनमचा उंच मनोरा कापडाच्या व्यापाऱ्यांच्या पैशाचा आहे. ग्लॉस्टरशरमधील नॉर्थलीच येथे व्यापाऱ्यांच्या थडग्यांवरील पितळी पत्र्यांवर त्यांच्या पायाशी मेंढी आणि लोकरीचे पोते कोरलेले आहे. देवाच्या घरात आपल्या धंद्याची खूण ठेवण्यात त्यांना संकोच वाटला नाही. त्याच लोकरीची दुसरी बाजू यॉर्कशरमधील व्हॅरम पर्सी येथे पाहावी. मेंढ्यांना कुरणे हवी म्हणून तेथील शेवटची शेतकरी कुटुंबे इ. स. १५०० च्या सुमारास उठवली गेली. पडक्या चर्चच्या भिंतींत चिणलेल्या कमानी दिसतात. माणसे घटली तशा बाजूच्या पडव्या पाडून चर्च लहान केले गेले. गावाची शिरगणती दगडांत लिहिलेली आहे. हर्टफर्डशरमधील अ‍ॅशवेल येथे मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर कोणी तरी लॅटिनमध्ये १३५० सालच्या महामारीची नोंद खरवडून ठेवली आहे. उरलेसुरले जीव कसे दीनवाणे होते एवढेच तीत आहे. ते खरवडणारा हात राज्यकर्त्याचा नव्हता. प्लेगच्या वर्षी गाव सोडून माळावर झोपड्या घातलेल्या माणसांच्या नातवंडांना तो हात ओळखता यावा.

आणि राज्यकर्त्यांचे हात पाहायचे असतील तर तेही तेथेच आहेत. ज्याच्या कारकिर्दीत पहिले इंग्रज-मराठा युद्ध झाले व १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला तो वॉरन हेस्टिंग्ज १८१८ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षी, वारला; तो ग्लॉस्टरशरमधील डेल्सफर्डच्या चर्चच्या आवारात विसावला आहे. ते चर्चही पुढे जीर्णोद्धाराच्या लाटेत १८६० च्या सुमारास नव्याने बांधले गेले. पुण्याचा रेसिडेंट आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८५९ मध्ये सरे परगण्यातील लिम्प्सफील्ड येथे वारला आणि तेथील मध्ययुगीन चर्चच्या आवारात पुरला गेला. पेशवाईवर ग्रंथामागून ग्रंथ लिहिणाऱ्या आम्हां मराठी लोकांपैकी लंडनपासून इतक्या जवळ असलेल्या त्या थडग्यापुढे किती जण जाऊन उभे राहिले? त्यास फुले वाहावीत असे आम्ही सुचवीत नाही. ज्याने आमचा इतिहास बदलला तो शेवटी एका खेड्याच्या मातीत कोणाशेजारी निजला हे डोळ्यांनी पाहणे हेही इतिहासाचेच काम आहे.

दुसरा आक्षेप तिकडून येतो आणि आमच्यातील व्यवहारी मंडळीही त्यावर मान डोलावतात. उपासकच नाहीत तर इमारती कशाला पोसाव्या? विकून टाका, घरे करा, उपाहारगृहे करा. यात व्यवहार आहे असे दिसते, पण तो अपुरा हिशेब आहे. खेड्यातील चर्च ही केवळ उपासनेची जागा कधीच नव्हती. मध्ययुगात सभामंडपात पंचायती भरत, देणीघेणी मिटत, सणाची मद्ये विकून दुरुस्तीचा पैसा उभारला जाई. आज तेथे टपालघर चालावे, वाचनालय भरावे, संगीत व्हावे, यात भ्रष्टाचार नाही. ती जुनीच वहिवाट आहे. पण एकदा खाजगी मालकाचे कुलूप लागले की ज्या वास्तूत गावातील सर्वांत गरीब माणसाला आठशे वर्षे मोफत प्रवेश होता ती कायमची बंद झाली. आपल्या पूर्वजांच्या थडग्यापर्यंत जाण्यासाठी कोणाच्या तरी दिवाणखान्याची परवानगी मागायची, ही व्यवहारी युक्ती नव्हे, दिवाळखोरी होय. भीतीपोटी दिवसभर कुलूप लावून ठेवणे हेही तितकेच घातक. चर्चचा विमा उतरवणारेच सांगत आले आहेत की दिवसा उघडे असलेले, लोकांची ये-जा असलेले चर्च अधिक सुरक्षित असते. चोराला एकांत लागतो, भाविकाला आणि प्रवाशाला दार.

म्हणून आमचे आवाहन प्रवाशांना आहे. इंग्लंडला जाल तेव्हा एक दिवस मोठ्या शहरातून काढा. दार बंद दिसले तर परत फिरू नका. किल्ली कोणाकडे मिळेल याची चिठ्ठी पुष्कळदा देवडीत लावलेली असते, आणि ती किल्ली शेजारच्या घरीच असते. आत गेल्यावर घाई करू नका. प्रथम वर पाहा, मग खाली, मग भिंतीच्या चुन्याकडे. मार्गदर्शकाच्या कथा ऐका, पण तपासून घ्या. सफकमधील ब्लाइदबर्ग येथे छताच्या लाकडी देवदूतांत शिशाच्या गोळ्या रुतलेल्या आढळल्या; त्या डाउझिंगच्या माणसांनी झाडल्या असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, पण त्या अठराव्या शतकात छतात शिरलेले कावळे मारताना झाडलेल्या होत्या असे पुढे दिसून आले. जाताना पेटीत दोन नाणी टाका. अभ्यागतांच्या वहीत नाव लिहा आणि ते देवनागरीत लिहा. साह्य मागताना किती माणसे येथे येतात हे त्या गरीब धर्मसभेला दाखवावे लागते. आणि आत पाखरे शिरू नयेत म्हणून दार लोटून या.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना हे सारे अधिक लवकर कळावे अशी आमची अपेक्षा आहे. सभासद घटत चाललेले ग्रंथालय, पूर्वजांनी परमुलखात बांधलेले विठ्ठलमंदिर, वर्गणीसाठी दारोदार फिरणारे गणेशोत्सवाचे तेच ते चार कार्यकर्ते, हे चित्र त्यांना परके नाही. संस्था राष्ट्राच्या भक्तिभावावर जगत नाहीत. ज्याच्याकडे किल्ली आहे तो सकाळी उठून दार उघडतो म्हणून त्या जगतात. नॉर्फकच्या खेड्यातही हेच आहे आणि आपल्या गल्लीतही हेच आहे. ज्यांना तेथील दगडांचे कौतुक करायचे असेल त्यांनी ते अवश्य करावे. परंतु लेखणी उचलण्यापूर्वी एकदा बसमधून खाली उतरावे, आणि घरी परतल्यावर आपल्या गावच्या देवळाची किंवा ग्रंथालयाची किल्ली कोणाकडे आहे याची चौकशी करून त्या माणसाच्या मदतीला जावे.